क्लायंट खूश आहे, फक्त…

आमच्या ताई खोटं बोलायच्या. रोज बोलायच्या, आणि बोलताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. "क्लायंट खूश आहे," असं म्हणत त्या माझ्या एडिटिंगच्या खोलीत शिरायच्या, स्टूल ओढून बसायच्या, पदराने चष्मा पुसायच्या आणि मग तो शब्द यायचा. "फक्त." त्या 'फक्त'च्या पुढे माझा अख्खा दिवस पाण्यात जायचा.

भोपाळला इंद्रपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचा स्टुडिओ होता. मंडीदीपच्या कारखान्यांच्या फिल्म, कोचिंग क्लासच्या जाहिराती, कुणाच्या वडिलांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ, असली कामं. मी एडिटर, म्हणजे कापाकापी आणि जोडाजोडी माझी. मी केलेला कट क्लायंटला पाठवायचा, त्याचं म्हणणं ऐकून माझ्यापर्यंत आणायचं, दुरुस्त्या करून घ्यायच्या आणि शेवटी पक्की फाइल त्याच्या हवाली करायची, हे सगळं ताईंचं. त्या माहेरच्या ग्वाल्हेरच्या, राहायच्या अयोध्या नगरात, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "क्लायंटशी मी बोलणार. तू तुझ्या मशीनशी बोल." मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली. कसली जाते.

त्या काय करतात हे मला कळलं ते एका फर्निचरवाल्याच्या जाहिरातीच्या वेळी. ताई म्हणाल्या, "क्लायंट खूश आहे, फक्त जरा घरगुती फील हवाय म्हणतायत." मी दिवसभर राबलो. रंग उबदार केले, चहाच्या कपातून वाफ निघताना दाखवली, खिडकीतलं ऊन आणलं. संध्याकाळी ताई चहा सांगायला खाली गेल्या आणि त्यांचा फोन टेबलावर राहिला. त्यांना आलेले निरोप आमचा कॅमेरामन शुक्ला ऐकत बसला होता, त्यात फर्निचरवाल्याचा आवाज आला. "मैडम, इससे अच्छा तो मेरा भतीजा घर बैठे मोबाइल पे बना देता." तो म्हणजे माझा घरगुती फील. शुक्ला हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला आणि त्या दिवसापासून स्टुडिओत ताईंचं नाव पडलं गाळणी.

त्यांना ते नाव आवडलं, हे आणखी एक. म्हणाल्या, "मग? चहा काय पत्तीसकट पिणार आहेस का रे?"

ही गाळणी दोन्ही बाजूंनी चालायची. एका शाळेच्या संचालकांनी मुलांच्या कवायतीचा एकच शॉट चार वेळा बदलायला लावला, तेव्हा मी खोलीतून ओरडलो, "त्यांना म्हणावं, आधी डोळे तपासून घ्या." ताई फोनवरच होत्या. त्या तितक्याच शांतपणे पलीकडे म्हणाल्या, "सर, हमारे एडिटर कह रहे हैं, आपकी नज़र बड़ी बारीक है." संचालक इतके खूश झाले की त्यांनी बारीक नजरेने आणखी दोन चुका काढल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

कामाच्या बाबतीत मात्र बाई पक्की होती, हे कबूल करायला हवं. फाइल जाण्याआधी त्या ती एकदा आवाज बंद करून बघायच्या आणि एकदा डोळे मिटून नुसती ऐकायच्या. शनिवारी कुणालाही कट पाठवायच्या नाहीत, मग क्लायंट कितीही गळ घालो. "शनिवारी पाठवलास की रविवारी पोहे खाता खाता सगळं खानदान बघतं, आणि सोमवारी जावयाचं करेक्शन येतं," असं त्यांचं म्हणणं. आणि मी करेक्शनवरून कुरकुर केली की ठरलेलं उत्तर होतं, "करेक्शन येतंय म्हणजे माणूस बघतोय रे. ज्याला पडलेली नसते, तो न बघता ओके म्हणतो." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

माझा खरा राग वेगळाच होता. करेक्शनचं काय, धंदाच तो. पण ताई वाईट बोलणं गाळायच्या तसं चांगलंही आपल्या मनानेच वाढायच्या. "फार आवडलं त्यांना, घरात सगळ्यांना दाखवलं म्हणे," असं त्या सांगायच्या आणि मला कळायचं नाही की हे त्या माणसाचं आहे की ताईंच्या पदरचं. मी इतकी वर्षं त्या खोलीत बसून काम केलं, ते बरं होतं की टाकाऊ होतं? एवढंच हवं होतं मला, कुणाच्या तरी तोंडचं एक खरं वाक्य. ते नेमकं गाळणीत अडकायचं.

मग तो मंडीदीपचा प्रकार घडला. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना, दोन सख्ख्या भावांनी काढलेला. फिल्म करायला घेतली तेव्हा भावाभावांत नुकतंच फाटलं होतं आणि कारखाना धाकट्याकडे आला होता. धाकट्याने ताईंना फोनवर स्पष्ट सांगितलं, "बड़े भैया फिल्म में नहीं दिखने चाहिए. एक फ्रेम में भी नहीं." ताई माझ्याकडे आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "क्लायंट खूश आहे, फक्त मोठ्या भावाला जरा मागे ठेवूया." मी ठेवला मागे. पहिल्या मशीनच्या पूजेच्या जुन्या शॉटमध्ये धाकट्याच्या खांद्यामागे थोरला, हातात नारळ घेऊन उभा. कट पाठवला, आणि लगेच 'ओके' आलं. आता उघड आहे, त्या गृहस्थाने तो बघितलाच नव्हता. त्याने तो बघितला कारखान्याच्या वार्षिक समारंभात, मोठ्या पडद्यावर, सगळ्या पाहुण्यांसोबत.

या वेळी त्याने ताईंना फोन न करता स्टुडिओच्या नंबरवर केला, आणि उचलला मी. मी त्याचं जे ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही. तो कारखाना आमच्या हातून गेला आणि त्याच्या ओळखीतले आणखी दोघे गेले. मी ताईंवर भडकलो. म्हटलं, एक वाक्य होतं, जसंच्या तसं सांगायला काय झालं होतं? ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "पाठच्या भावाने थोरल्याला असं पुसून टाकायचं? माझ्या तोंडातून निघेना रे ते." मी म्हटलं, ते तुमचं कामच नाही. यापुढे मला कच्चा माल द्या, जे येईल ते जसंच्या तसं.

त्यांनी दिलं. पुढच्या कामाचे सगळे निरोप त्या मला थेट पाठवू लागल्या, स्वतःचा एक शब्द न घालता. काम होतं एका कोचिंग क्लासचं. "एडिटर को सुला के बिठाया है क्या?" "म्यूज़िक सुनके लगता है किसी की तेरहवीं है." "मज़ा नहीं आ रहा." बरं, खरं म्हणून जे हवं होतं ते हेच ना? पण त्यातून माझ्या कामाचं काही कळेना. त्या माणसाचा पित्ताचा त्रास तेवढा कळला. माझे हात जड झाले आणि मी जे काही बनवलं ते खरोखरच झोपेत बनवल्यासारखं दिसायला लागलं. एका सकाळी ताई खोलीत आल्या, स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "क्लायंट खूश आहे, फक्त सुरुवात जरा टवटवीत हवीय." मी मान हलवली. त्या विषयावर पुन्हा कुणीच बोललं नाही. माझा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पुढे ग्वाल्हेरला त्यांची आई अंगणात पडली आणि ताईंनी नोकरी सोडली. निरोपाला शुक्लाने समोसे आणले. ताईंनी क्लायंटांचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता तूच बोल सगळ्यांशी. आणि बोलायच्या आधी पाणी पीत जा." हा एवढाच उपदेश. तेव्हापासून मी किती पाणी पितो ते माझं मला माहीत.

मग आई गेल्याचं कळलं. काही महिन्यांनी ताईंचा फोन आला. आईचे शेवटच्या काळातले मोबाइलवर काढलेले ढीगभर व्हिडिओ होते, वर्षश्राद्धाला घरचे जमतील तेव्हा दाखवायला त्यातून छोटी फिल्म हवी होती. मी जीव ओतला, दुसरा शब्द नाही. आजी तुळशीपाशी, आजी उन्हात, आजीचे सुरकुतलेले हात. मागे बासरी, सगळं संथ. मधली घरातली बडबड, भांड्यांचे आवाज काढून टाकले. गुरुवारी कट पाठवला. शनिवार टाळला, शिकवणच तशी.

उत्तर आलं, "छान झालंय रे."

मला हे 'छान' चांगलं माहीत होतं. किती जणांना मी ते पोचताना बघितलंय. मी सरळ फोन लावला. म्हटलं, "ताई, आज गाळू नका. क्लायंट म्हणून बोला."

"अरे, छान आहे खरंच."

"ताई."

मग त्या म्हणाल्या, "सांगू? बकवास आहे. माझ्या आईची तू देवी करून ठेवलीस. माझी आई कधी गप्प बसली का जन्मात? मी मोबाइल काढला की ओरडायची, बंद कर ते मेलं आधी, पोळी करपतेय. ते सगळं तू कापलंस. बासरी कसली लावतोस? ही कुठली बाई आहे, मी ओळखत नाही हिला."

माझ्या कामाबद्दल मला मिळालेलं हे पहिलं खरं वाक्य. रागावण्याची इतकी सवय असलेला माणूस मी, पण मला राग आला नाही. चुकलंय कुठे ते पहिल्यांदाच कुणी बोट ठेवून दाखवलं होतं. मी बासरी काढली. ओरडणं परत घातलं, भांडी घातली, करपलेली पोळी घातली, आजी कॅमेऱ्यावर लाटणं उगारते तेही घातलं. वर्षश्राद्धाला ती फिल्म लागली तेव्हा घरातले सगळे हसता हसता रडले, असं ताईंनी सांगितलं. हे खरं की गाळलेलं, ते मी विचारलं नाही.

इथे काम संपायला हवं होतं. जगात कुठेही संपलं असतं. पण ताई पक्क्या फाइलवर ओके देईनात. दर महिना-पंधरा दिवसांनी फोन येतो. आईचं ते दारातलं वाक्य दोन सेकंद आधी सुरू कर. आईचा खोकला काढलास का, तो राहू दे. आज कपाटात जुन्या मोबाइलमध्ये आणखी एक व्हिडिओ सापडला, तो कुठेतरी बसव. माझ्या आयुष्यातली इतकी छळवादी क्लायंट दुसरी नाही, आणि हिनेच मला क्लायंट म्हणजे काय ते शिकवलं. वर्षश्राद्ध होऊन गेलं, दिवाळी गेली, फिल्म उघडीच आहे. दुसऱ्या कुणाला मी कधीच सांगितलं असतं की आता लॉक करा, यापुढे बदल नाही. पण लॉक केलं की आजीचं बोलणं तिथेच थांबणार, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही.

परवा पुन्हा फोन आला. मी एका सिमेंटवाल्याच्या तेराव्या दुरुस्तीत बुडालेलो होतो, डोकं फिरलेलं होतं. ताई म्हणाल्या, "आईच्या हसण्याआधी जरा जागा सोड रे. अगदी एक श्वास." मग एकदम थांबल्या. "वैतागलास का? खरं सांग."

मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, प्यायलो.

"छे हो ताई," मी म्हटलं. "एडिटर खूश आहे. तुमची नजर फार बारीक आहे म्हणतोय."

मग ताई हसल्या, अगदी लाटणं उगारणाऱ्या बाईसारख्या. "मेल्या, माझंच मला पाजतोस होय," म्हणाल्या. "बरं, ऐक. फक्त…"

मी फाइल उघडली.