माझ्या नावापुढचा शेरा

आमच्या कॉलेजात इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेणारे सर सांगायचे की इंग्रजीत शब्द एकटे चालत नाहीत, त्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात. मग भाषेविषयी बोलायच्या जोड्या ते फळ्यावर लिहीत. मदर टंग. नेटिव्ह स्पीकर. ब्रोकन इंग्लिश. गुड कमांड. लँग्वेज बॅरियर. हा तास मला फार आवडायचा, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की माझा राग इंग्रजीवर आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नाही. भंडाऱ्याला खोलीवर भाजी चिरताना मी या जोड्या मोठ्याने म्हणायचे आणि खोलीतली मैत्रीण म्हणायची, "झाली का वो इंग्रजीनबाई सुरू?"

एक जोडी मात्र सरांनी फळ्यावर कधी लिहिली नव्हती. ती मला शेवटच्या वर्षी कळली.

धानावरची औषधं विकणारी एक कंपनी कॉलेजात मुलं निवडायला आली होती. काम फोनवरचं होतं. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना फोन करून पिकाची चौकशी करायची, तीही मराठीत. ऑफिस भंडाऱ्यातच होतं. हे काम मिळालं असतं तर मी शहरात राहून एम.ए. करणार होते. नाही मिळालं तर आसगावला परत, हे बाबांनी आणि मी आधीच ठरवलं होतं. त्यात बाबांची काही चूक नाही.

चाचणी म्हणून खराच फोन लावायचा होता. कंपनीच्या पुण्याहून आलेल्या मॅडम समोर बसल्या होत्या, बाजूला आमचे सर. फोनचा स्पीकर चालू. हातात प्रश्नांचा कागद. नियम असे की समोरच्याला सर म्हणायचं, कागदावर आहे तेवढंच बोलायचं आणि स्वतःविषयी काही सांगायचं नाही. माझ्या आधी दोन मुलांनी फोन लावले. त्यांनी अगदी टीव्हीवरच्या बातम्यांसारखं वाचलं. दोन्ही शेतकऱ्यांनी मध्येच फोन ठेवून दिला.

माझा फोन सिहोऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या माणसाला लागला. मी वाचलं, नमस्कार सर, आपल्या भात पिकाची पुनर्लागवड पूर्ण झाली आहे का? पलीकडून नुसतं "हं" आलं. आमच्याकडे शेतात असतो तो धान, आणि ताटात येतो तो भात. पुनर्लागवडीला आम्ही रोवणा म्हणतो. हे मला माहीत होतं, पण कागदावर तसं नव्हतं. मी तेच वाक्य पुन्हा वाचलं.

"ते आयकलं," ते म्हणाले. "पन तू कोन्या गावची व्हस बाई?"

आमच्याकडे गाव सांगितल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. बस स्टँडवर शेजारी बसलेली बाई असो की दुकानदार, आधी गाव, मग त्या गावात कोणाची मुलगी दिली आहे ते, आणि मग काय काम असेल ते. जो गाव सांगत नाही त्याच्या मनात काहीतरी आहे असं धरतात. आता तर फोनवरून खाती रिकामी करणारे निघाले आहेत, म्हणून लोक जास्तच जपतात. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मला भीती वाटली, खरंच वाटली. पण वडिलांच्या वयाच्या माणसाने गाव विचारलं आणि मी गप्प राहिले, असं माझ्याच्याने झालं नाही.

"आसगावची, मामाजी. पवनीच्या इकडचं."

"असं सांग ना मंग. मले वाटलं, कोनी बँकेवाली फसवून राहिली. आमची साळी देली हाय तिकडं."

त्यांची मेहुणी आमच्याकडे दिलेली निघाली, मग ते थांबेचनात. रोवणा झाला होता. बोडीखालच्या बांधीत, म्हणजे तळ्याखालच्या खाचरात, धान पिवळा पडला होता. तुडतुड्याची कीड दिसत होती. कोणतं औषध मारलं, दुकानदाराने काय सांगितलं, सगळं त्यांनी आपणहून सांगितलं. मी फक्त हो मामाजी, मंग काय केलं, एवढंच विचारत होते. कागदावरचा एकही प्रश्न उरला नाही. शेवटी त्यांनी मला जेवली का म्हणून विचारलं. सर हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्या लिहीत होत्या.

निवड त्या दोन मुलांची झाली. माझी नाही.

सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून सांगितलं, आणि मायेनेच सांगितलं. शेरा आहे, हेवी मदर टंग इन्फ्लुअन्स. पुढच्या महिन्यात दुसरी फेरी आहे, तोवर रोज संध्याकाळी माझ्याकडे ये, आपण ते काढून टाकू. मी भीतभीत विचारलं की सर, फोन तर मराठीतच करायचे होते ना, आणि आपल्याच शेतकऱ्यांना? ते म्हणाले की कंपनीचं एक स्टँडर्ड असतं. मी थँक यू सर म्हणून बाहेर आले. त्या थँक यूची मला अजून चीड येते.

चार शब्द. त्यांतला प्रत्येक मला चांगला ठाऊक होता. मातृभाषा म्हटली की आमच्या कॉलेजात हार, समई आणि भाषणं असतात. तीच मातृभाषा माझ्या तोंडात सापडली तर तो दोष. ज्या माणसाशी बोलायचं त्याची भाषा मला येत होती, आणि त्यासाठीच मला नापास केलं गेलं. ज्यांचे फोन ठेवले गेले ते पास झाले. यात काही चुकतंय असं त्या खोलीत एकालाही वाटलं नाही.

रविवारी मी घरी गेले. आई अंगणात तांदूळ निवडत होती. नोकरीचं काय झालं, तिने विचारलं. तिला हसू यावं म्हणून मी साध्या शब्दांत सांगितलं की तुझी पोरगी तुझ्यासारखी बोलते, म्हणून त्यांनी घेतली नाही. आई हसली नाही. तिचा सुपातला हात थांबला.

"मंग माह्यापायी गेली का नोकरी?"

मी नाही नाही म्हणत राहिले. ती माणसं मूर्ख आहेत, म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

सोमवारी मी सरांना सांगितलं की मी संध्याकाळी येणार नाही आणि दुसऱ्या फेरीलाही बसणार नाही. त्यांनी विचार कर म्हटलं. मी म्हणाले, "मी विचार केला, सर. मले नाही यायचं." महिनाअखेरीला खोली सोडायची होती.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. जेवलीस का, तिने विचारलं. आमच्या घरात जेवली का म्हणतात, जेवलीस कोणी म्हणत नाही. मग तुला बरं आहे ना, असं म्हणाली. एकेक शब्द थांबून, जपून, परक्याच्या घरात पाय ठेवावा तसा. मी म्हटलं, माय, हे काय चालवलं तू? कायले अशी बोलून राहिली?

"सवय करून राहिली," ती म्हणाली. "तू आता घरी येशीन. माह्याशी बोलून बोलून तुही भाषा आणखी बिघडली तर?"

मी तिला खूप समजावलं. ती हो हो म्हणाली आणि पुढचं वाक्य पुन्हा तसंच जपून बोलली. त्या मॅडमना हे कधी कळणार नाही, सरांनाही नाही. मी सामान घेऊन घरी आले त्याला आता बरेच दिवस झाले. आई अजून माझ्याशी कमी बोलते. शेजारणीशी अंगणात मोकळी हसत असते, आणि मी बाहेर आले की गप्प होते.