मास्तरांच्या घरात शिरलेली बाई

मास्तरांचा राग साऱ्या गल्लीला ठाऊक होता. पेशा शिंप्याचा, पण जीभ कात्रीहून धारदार. गिऱ्हाईक बाहीची लांबी दुसऱ्यांदा बदलायला आलं की शर्ट त्याच्या अंगावर भिरकावून म्हणायचे, "आधी स्वतःचा हात मोजून या!" तरी लोक यायचे, कारण मास्तरांचा कोट अंगावर बसायचा आणि टिकायचा. शिवणीत ते नेहमी बोटभर कापड जास्त ठेवत. एकदा कापलेलं परत वाढवता येत नाही, हे त्यांचं ब्रीद. माणूस सुटतो, पोर वाढतं. आत दुमडलेलं कापड असलं की अडत नाही.

दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. सकाळपासून दिवे लागेपर्यंत मशीनची खडखड. बायकोला गाण्यांचं वेड. सासरी येताना साड्या कमी आणि कॅसेटी जास्त घेऊन आलेली. पण तिचा हात टेपकडे गेला रे गेला की पुढून आरोळी यायची, "मशीन चालू असताना गाणी कसली? नंतर ऐक!"

ते 'नंतर' आलं तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसेना आणि बायकोच्या कानांनी दगा दिला. उजवा तर गेलाच. डावाही जायला निघाला होता. डॉक्टर म्हणाले, "यावर औषध नाही. जे ऐकायचं ते आत्ताच ऐकून घ्या."

मास्तर डॉक्टरवर खेकसले, रिक्षावाल्यावर खेकसले आणि घरी येऊन मशीनवर कापड टाकलं ते कायमचं. लेकीने टेप, अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर पाठवून दिले. स्पीकर मास्तरांनी आतल्या खोलीत, बायकोच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला मांडले. तारा स्वतः ओढल्या, भिंतीच्या कडेने, टाके घातल्यासारख्या सरळ. उरलेली भलीमोठी लांबी कापली मात्र नाही. नीट घड्या घालून, दोऱ्याने बांधून कपाटामागे सारली. पुढेमागे खुर्ची हलवली तर?

पहिलं गाणं लागलं. बायकोने डोळे मिटले. आणि गाण्याच्या ऐन मधोमध एक बाई बोलली, "सात नंबर, दवाखान्याच्या दारात गाडी घे."

चौकातल्या टॅक्सी ऑफिसातली बाई! वायरलेसवर गाड्या पाठवायची तिथून आणि बोलायची मास्तरांच्या स्पीकरमधून. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खट्‌कन टेप बंद केली, तारा उपसल्या, परत खोचल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं. गाणं गप्प झालं. बाई मात्र होती तेवढ्याच आवाजात बोलत राहिली.

"माझ्या घरात माझंच बटण जुमानत नाही ही बया!"

दुरुस्तीवाला आला. अॅम्प्लिफायर उघडून पाहिला, बटण वर-खाली केलं आणि म्हणाला, "मशीन चांगलं आहे, मास्तर. बटण बंद करूनही बोलते म्हणजे ती मागून, स्पीकरच्या तारेतून शिरतेय. लांब तार एरियलसारखी आवाज पकडते. किती लांब ठेवलीय?"

"माझ्या हातच्या कामात खोट काढतोस?" मास्तरांनी त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

मग ते हात धुऊन टॅक्सी ऑफिसच्या मागे लागले. रोज दुपारी खिडकीशी उभं राहून तोंडाचा पट्टा सोडायचे. ती बाई लेकीच्याच वयाची, एका कानाला हेडफोन, समोर थंडगार झालेला चहा. एके दिवशी तिचाही संयम सुटला.

"काका, आमचा सेट दोनदा तपासून झाला. मी गाड्या पाठवायच्या नाहीत का? लोक दवाखान्यात चालत जातील?"

"माझ्या बायकोचे कान चाललेत! तिला एक गाणं धड ऐकू देत नाहीस तू!"

बाईने कानावरचा हेडफोन सरकवला. मग हळूच म्हणाली, "काकूंना फार त्रास होतो का हो माझा?"

मास्तर खिडकीपासून वळले. हे त्यांनी बायकोला कधी विचारलंच नव्हतं.

तणतणत ते घरी आले. टेप चालू होती, बायको खुर्चीत होती आणि बया बोलतच होती. मास्तरांनी इरेला पेटून कपाट ओढलं. दोऱ्याने बांधलेला तारेचा गठ्ठा त्यांनी उचलून नुसता सैल केला, तर बाईचा आवाज चिरकला. परत दाबला, तर सुधारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आता स्वतःचाच संताप आला. त्यांनी कात्री काढली आणि टेप बंद करायला वळले.

"बंद करू नका!"

बायको उभी राहिली होती. सबंध संसारात ती अशी ओरडली नव्हती.

"अगं, ती बाई—"

"कुठली बाई? मला कधी कुणी बाई ऐकूच आली नाही! मला गाणं येत होतं. तेवढंच येत होतं. आणि रोज तुम्ही मध्येच उठून ते बंद करता. आधी मशीनपायी, आता हिच्यापायी. एक तरी गाणं मला शेवटपर्यंत ऐकू दिलंत का?"

मास्तर खाली बसले. कात्री मांडीवर. स्पीकरमधून बाईने कुणाला तरी पुलाजवळ थांबायला सांगितलं. ते जागचे हलले नाहीत.

थोड्या वेळाने बायकोने विचारलं, "संपलं का?"

गाणं चांगलं रंगात आलं होतं. मास्तर कात्री हातात घेऊनच उठले आणि त्यांनी बटण धरून पार शेवटपर्यंत फिरवलं. इतके दिवस बाईला पकडायला ते बटण खालीच नेत आले होते. खिडकीच्या काचा थरथरल्या. टॅक्सीवाली गाण्याखाली बुडाली. शेजाऱ्याने भिंतीवर बुक्की मारली. एरवी मास्तर त्याच्या दारात जाऊन उभे राहिले असते. आज त्यांनी भिंतीकडे पाहिलंदेखील नाही.

"आता?" त्यांनी तिच्या डाव्या कानाशी वाकून विचारलं.

"आता येतंय," ती म्हणाली. तिने डोळे मिटले आणि त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली. "संपलं की मला सांगा हं. हल्ली कळत नाही."