अप्पांची जीप आणि न उघडणारं बूच

आई गेल्यावर अप्पा देवगाव रंगारीहून माझ्याकडं राहायला आले, तेव्हा सोबत दोन बॅगा आणि जुनी जीप घेऊन आले. बॅगा कपाटात मावल्या. जीप मात्र आमच्या छोट्या रो-हाऊसच्या फाटकात अशी बसली की दूधवाल्याला पोट आत ओढून यावं लागायचं. महिनाभरात फरशीवर एक काळा डाग पडला, मग तो बशीएवढा झाला, आणि पुढं ताटाएवढा.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारे दाते त्याच्यात तेलात बुडून फिरतात. त्या गोळ्याला मागून दहा बोल्टांचं झाकण असतं, आणि आमचं तेल त्याच झाकणातून पाझरत होतं. चौकातल्या मिस्त्रीनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "जुनी गाडी हाय साहेब, थोडं पाझरणारच."

अप्पा पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. पाझरणं त्यांना चालत नाही. उभी हयात कालव्यांचं पाझरणं थांबवण्यात गेलेली.

"आपणच करू," घरी येता येता ते म्हणाले.

'आपण' म्हणजे मी, हे मला रविवारी सकाळी कळलं. अप्पांचे गुडघे वाकत नाहीत. ते प्लास्टिकची खुर्ची टाकून जीपच्या मागं बसले, आणि मी जुनी चादर अंथरून गाडीखाली शिरले. जॅक लावून, लाकडी ठोकळे ठेवून, ते दोनदा हलवून बघितल्याशिवाय मात्र त्यांनी मला आत जाऊ दिलं नाही.

"आधी खालचे बोल्ट ढिले कर. वरचा एक राहू दे. तेल हळूहळू येईल."

तेल हळूहळू आलं नाही. झाकणाची कड सुटल्याबरोबर ते धो धो आलं. निम्मं खाली ठेवलेल्या परातीत, निम्मं माझ्या केसांत. त्या तेलाला वास असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सडकी अंडी जळक्या टायरवर तळावीत तसा वास. मी बाहेर आले तेव्हा अप्पांनी खुर्ची दोन फूट मागं घेतली होती.

आमच्या शेजारचे चाचा औरंगपुऱ्याच्या बाजारात अत्तर विकतात. रविवारी सकाळी ते ओसरीत बसून मोठ्या बाटलीतलं अत्तर छोट्या कुप्यांत भरत असतात. पाच मिनिटांत ते नाकाला रुमाल लावून कंपाउंडच्या भिंतीशी आले.

"बेटी, कुछ मर गया क्या इधर?"

"नाही चाचा, गाडीचं तेल आहे."

"मेरेकू गुलाब और खस का फरक समझ में नहीं आ रा," ते दुःखानं म्हणाले आणि कुप्या उचलून गच्चीवर गेले.

झाकण हातात घेतल्यावर दोष सापडला. पूर्वी कुणीतरी ते स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं होतं, त्यामुळं कड एका जागी वाकली होती. अप्पा खूश झाले. त्यांनी झाकण पायरीच्या सपाट दगडावर ठेवलं आणि हलक्या हातानं हातोडी मारत कड सरळ केली. मधूनमधून ते डोळ्यांच्या रेषेत धरून पाहायचे. फटीतून तेल येऊ नये म्हणून कडेला लावलेली जुनी पेस्ट मी पॉलिश पेपरनं खरडून काढली. नवी पेस्ट मात्र त्यांनी मला लावू दिली नाही. ट्यूब धरून, श्वास रोखून, प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती वळसा घेत त्यांनी एकसारखी काळी रेघ काढली. एवढ्या निगुतीनं त्यांनी माझ्या लग्नाची पत्रिकाही वाचली नव्हती. झाकण बसवलं, बोल्ट समोरासमोरचे जोडीनं आवळले. पेस्ट सुकायला एक दिवस द्यायचा होता.

सोमवारी कॉलेजातून आले आणि नवं तेल घेऊन पुन्हा खाली शिरले. तेल भरायचं बूच गोळ्याच्या पुढच्या अंगाला होतं. पाना लावला. बूच हललं नाही.

"झाकण काढायच्या आधी हे उघडून बघायला पाहिजे होतं ना अप्पा?"

अप्पांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. मग म्हणाले, "व्हय. पाहिजे होतं."

म्हणजे आता गाडीत तेल नाही, तेल घालायची वाट बंद, आणि तेलाशिवाय गाडी मिस्त्रीपर्यंतसुद्धा न्यायची नाही.

"जोर लाव. असा फिरव, असा." अप्पांनी मागून खुर्चीतून हात गोल फिरवून दाखवला. चाकांच्या मधून मला त्यांचा हात दिसत होता. तो जसा फिरला तसा मी पाना फिरवला. बूच जरासं हललं. "हललं!" मी ओरडले.

"शाब्बास माय. अजून जोर."

अर्धा तास आम्ही जोर लावला. त्या पहिल्या हलण्यानंतर ते पुन्हा काही हललं नाही. मी पायानं पाना दाबला. अप्पांनी हातोडी आत सरकवली, मी पान्यावर ठोकलं. एवढ्यात दुकान बंद करून चाचा घरी आले आणि भिंतीशी थबकले. मग आमच्या फाटकातून येऊन जीपच्या पुढच्या बाजूनं वाकून त्यांनी खाली पाहिलं.

"साहेब," ते अदबीनं म्हणाले, "ये बेटी खोल री कि कस री?"

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. बल, तरफ, फिरण्याची दिशा, हे सगळं दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. मी गाडीखाली पडल्या पडल्या डोळे मिटले. अप्पा मागून बघत होते, बूच पुढं तोंड करून होतं. त्यांचं उघडणं म्हणजे माझं आवळणं होतं.

मग अप्पा म्हणाले, "तुला तरी कळायला पाहिजे होतं."

चाचा घरी गेले आणि मोडक्या खाटेचा पोकळ लोखंडी पाय घेऊन आले. तो पान्याच्या दांड्यावर चढवला. आता तरफ हातभर लांब झाली. या वेळी दिशा चाचांनी सांगितली, मी ती मनात दोनदा तपासली, आणि अप्पांनी फक्त "हळू" एवढंच म्हटलं. कट्ट असा आवाज झाला. पाना निसटला, माझी कोपरं फरशीवर आपटली आणि बूच सुटलं.

तेल आत ढकलायला पंप नव्हता. चाचांनी कुप्या भरायची मोठी सिरिंज आणून दिली आणि वर सांगितलं, "ये वापस नक्को करना." सिरिंजमध्ये खसचं अत्तर थोडं राहिलेलं होतं. तेल भोकातून बाहेर ओघळू लागेपर्यंत मी ती किती वेळा भरली याचा हिशेब राहिला नाही. त्या दिवशी आमच्या अंगणात सडक्या अंड्यांना खसचा मंद दरवळ होता. जेवण कुणालाच गेलं नाही.

मंगळवारी सुट्टी होती. आम्ही तिघं जीप घेऊन खुलताबादला निघालो. चाचांना तिथं बहिणीकडं जायचंच होतं. अप्पांनी घाटात तीनदा गाडी थांबवायला लावली. प्रत्येक वेळी मी गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग ते काढून त्यांना दाखवायचं. कागदावर तेलाचा एक थेंब नाही. तिसऱ्यांदा तर त्यांनी तो उन्हात धरून पाहिला. चाचा म्हणाले, "साहेब, अब पढ भी लो." अप्पा हसले. आई गेल्यापासून त्यांचं असं खांदे हलवून हसणं मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्या खात्यातल्या जुन्या मित्राचा फोन आला. मी ओट्यापाशी चहा टाकत होते. अप्पा सांगत होते, "झाकण काय, सोपं होतं. बूच लई कठीण. कंपनीनंच उलट्या आट्याचं बसवलेलं दिसतंय. माझ्या लगेच लक्षात आलं."

मी चहात साखर जरा जास्तच टाकली आणि कप त्यांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी माझ्याकडं न बघता घेतला, आणि फोनवर आवाज थोडा खाली आणला.