दरवाज्याबाहेरची इल्वा

इल्वा लेंचोनीला गप्प बसवणारा माणूस मीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण इटलीतल्या आमच्या लुक्कात हल्ली तिची गोष्ट सांगताना लोक माझं नाव गाळतात. माझी भीड म्हणून गाळत असतील, पण ते मला बरं वाटत नाही.

मी ओरेस्ते क्विलीची. पस्तीस वर्षं या शहरात पाहुणे फिरवले, परवाना गळ्यात अडकवून. इल्वा शहराच्या कोटाच्या सान्ता मारिया दरवाज्यापाशी भाजी विकायची. नदीपलीकडच्या आपल्या गावाहून तीनचाकी टेम्पोत घेवडा, कांदे, भोपळ्याची फुलं घेऊन यायची. तरुणपणी नऊ वर्षं तिनं झुरिकच्या एका हॉटेलात चादरी धुतल्या होत्या. त्यामुळे जर्मन तिला आमच्या बोलीइतकीच यायची.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये मी काही जर्मन पाहुण्यांना घेऊन तिथं उभा होतो. माझी हुकमी गोष्ट रंगात आली होती. या कोटावर शत्रू कधी चालून आला नाही. चालून आली ती सेर्किओ नदी, १८१२ साली. लोकांनी दरवाजे लावून घेतले, फटींत गाद्या कोंबल्या आणि शहर वाचलं.

"गाद्या आत होत्या, माणसं बाहेर," मागून खणखणीत जर्मनमध्ये आवाज आला. "त्यांचं काय झालं तेही सांगा की, मास्तर!"

शेंगा निवडता निवडता इल्वा बोलत होती. सगळे पाहुणे तिच्याकडे वळले. मग तिनं तिच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली हकिकत सांगितली. त्यांच्या घरातली एक बाई, कडेवर पोर, हातात गाईचं दावं, हाच दरवाजा बडवत होती. आतून गाद्या ठासल्याचा धप्‌ धप्‌ आवाज तिला ऐकू येत होता. शेवटी ती तुतीच्या झाडावर चढली. पोर वाचलं, गाय गेली.

पाहुण्यांपैकी कुणी हललं नाही. मी मात्र पेटलो.

"परवाना आहे का तुमच्याकडे? नाही ना? मग कांदे विका!"

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पालिकेत तक्रार दिली. शिपाई येऊन तिला ताकीद देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. मला वाटलं, भांडणार.

"परवान्याला काय काय लागतं?" तिनं विचारलं.

मला हसू आलं. "आधी शाळेचा शेवटचा दाखला लागतो, बाई. मग परीक्षा. तुम्ही कितवी शिकलात?"

"आठवी."

"मग?"

"मग नववीपासून," असं म्हणून ती निघून गेली.

तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. नवरा देल्मो गावाच्या खानावळीत सांगत सुटला, "आमच्याकडे पाटी-पेन्सिल घेतलीय बरं का! उद्या दप्तरही शिवून घेणार!" इल्वानं त्याला सांगितलं, "हसून झालं की भांडी घास. मला गणित आहे." आणि देल्मोनं घासली. चार वर्षं घासली.

प्रौढांच्या सायंशाळेतून ती दाखला घेऊन बाहेर पडली आणि शहाण्णवमध्ये गाईडच्या परीक्षेला बसली. नापास झाली. तोंडी परीक्षेत तिला कॅथेड्रलमधल्या संगमरवरी समाधीवरच्या मूर्तीबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली, "बाळंतपणात गेलेली पोर आहे हो ती. पायाशी कुत्रा बसलाय, अजून वाट बघतोय." परीक्षकांना शिल्पकार, काळ, शैली हवी होती.

ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण त्यानंतर दर सोमवारी ती मला त्या समाधीपाशी दिसू लागली. वही उघडी, पेन्सिल कानावर. एकदा तिनं मला अडवलंच.

"मास्तर, मला शिकवा."

"मी? मी कशाला शिकवू?"

"कारण गप्प तुम्ही बसवलंत. आता बोलतं करायचं कामही तुमचंच."

 मी 'हो' म्हणालो. दीड वर्ष आम्ही देवळं, वेशी, बुरूज पालथे घातले. ती हुशार होती असं नाही, चिवट होती. एकच नाव दहा वेळा विसरायची आणि अकराव्यांदा विचारायला लाजायची नाही. "पुन्हा सांगा," म्हणायची. पाऊस असो, गुडघा सुजलेला असो, "पुन्हा सांगा." मीच थकायचो.

मी तिला बजावलं होतं, परीक्षेत तुतीच्या झाडाची गोष्ट काढायची नाही. तिनं शिल्पकार सांगितला, शैली सांगितली, सगळ्या सनावळ्या सांगितल्या. आणि उठता उठता परीक्षकांना म्हणाली, "कुत्र्याचं मात्र मी खरं तेच सांगणार हं." अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ती पास झाली.

तिच्या पहिल्या फेरीला मी गुपचूप मागे उभा होतो. आम्ही सगळे गाईड पाहुण्यांना आधी आत नेतो, कोटावर चढवतो, झाडांखालून फिरवतो. तिनं त्यांना दरवाज्याबाहेर गवतावर, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. म्हणाली, "इथं जरा थांबा. दार लावलेलं आहे असं समजा." पाच मिनिटं कुणाला आत जाऊ दिलं नाही. एक म्हातारा जर्मन रडला.  इतकी वर्षं मी त्याच दरवाज्यातून ये-जा केली होती आणि बाहेरून तो कधी नीट पाहिलाही नव्हता.

फेरी संपल्यावर मी तिच्याकडे गेलो. म्हणालो, "इल्वाबाई, ती तक्रार मी करायला नको होती."

"नकोच होती," ती म्हणाली. एवढंच. मग टेम्पोतून पालेभाजीची एक जुडी काढून माझ्या हातात दिली. "घ्या, सूप करा. वाळलायत तुम्ही."

अठरा वर्षं तिनं शहर दाखवलं. आवाज बसायला लागला तेव्हा थांबली. आता तिच्या गावातल्या तीन बाया परीक्षेची तयारी करतात आणि त्यांची तोंडी ती स्वयंपाकघरात घेते, गव्हाचं सूप ढवळत. मागच्या मंगळवारी मी तिथंच बसलो होतो. एकीनं एका बुरुजाचं नाव चुकवलं. इल्वानं पळी खाली ठेवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जा, बघून ये. वाचून नाही, बघून."

ती बाई अंगात कोट चढवत बाहेर पडली. नदीवरच्या पुलापर्यंतच पंधरा मिनिटांची चाल होती, आणि वर पाऊस.