गार्डकाकांची शिट्टी

आधीच सांगते, माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, आणि शाळा चौथीतच सुटल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील. राग मानू नका. पण आमच्या शेजारच्या गार्डकाकांएवढा भांडणांचा लोभी माणूस साऱ्या जयपुरात नव्हता, हे कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं.

काका मूळचे माणदेशातले धनगर. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन जयपुरातच, आमच्या मानसरोवर वसाहतीत राहिले. लोक सकाळी बागेत फिरायला जातात. काका वस्ती संपते तिथल्या शेतांकडे जात, मेंढपाळ आणि शेतकरी भांडतायत का ते बघायला. नसले भांडत तर हिरमुसून येत आणि काकूंना म्हणत, "आज काही नाही." भांडण मिळालं की दोघांना एकाच खाटेवर बसवून शिट्टी फुंकत. ती पुन्हा वाजेपर्यंत कुणी उठायचं नाही. एका सरपंचाला त्यांनी असं दुपारभर बसवलं होतं, आणि त्याचं तर भांडणही नव्हतं. मग तारण. हिशेब मिटेपर्यंत मेंढपाळाचं कोकरू शेतकऱ्याकडे, शेतकऱ्याचं फावडं मेंढपाळाकडे. मला चहासाठी नेत. शिवाय बाई बसली की शिव्या निम्म्या होतात, असं त्यांचं म्हणणं. मी पदर ओढून गप्प बसे.

गेल्या हिवाळ्यात मारवाडच्या एका मेंढपाळाची मेंढरं हरभऱ्यात घुसली. शेतकऱ्याने आठ हजार मागितले, नाहीतर शेताच्या कडेची वाट खणून टाकतो म्हणाला. वाट गेली की कळप मोठ्या रस्त्याने न्यावा लागणार, आणि तिथे आदल्या साली ट्रकखाली मेंढपाळाची अकरा मेंढरं गेली होती. त्याच्याजवळ तीनच हजार होते. उरलेले परतीच्या वाटेवर देईल, तोवर नेहमीसारखं कोकरू शेतकऱ्याकडे आणि फावडं मेंढपाळाकडे, असं काकांनी ठरवून टाकलं.

"और नहीं आया तो, गार्डसाब?" शेतकऱ्याने विचारलं.

"तो मेमना तेरा, और मैं पागल."

चैत्रात काका गेले. उन्हाळा सरताना मेंढपाळ फावडं खांद्यावर टाकून दारात उभा राहिला आणि गार्डसाब कुठे म्हणाला. मलाच सांगावं लागलं. तो फावडं टेकवून पायरीवर बसला. काकूंनी खुंटीवरची शिट्टी माझ्या हातात ठेवली. "तू जा. तुला रीत ठाऊक आहे."

वाण्यापलीकडे मी कधी एकटी गेले नव्हते. शेतावर दोघं आपणहून एका खाटेवर बसले. कोकराच्या गळ्यात आता घंटा होती. शेतकऱ्याच्या आईने त्याला भाकरी घालून घालून असं केलं होतं, की ते मालकाला ओळखेना. मेंढपाळ म्हणाला, राहू दे ते इथेच. शेतकरी म्हणाला, मग चार दिवस कळप माझ्या रानात बसव, खत होईल. धान्य देतो, आणि वाट आहे तिथेच राहील. पाच हजार मोजून झाले. फावडं परत गेलं. पैसे पुरते फिटले.

तरी दोघं उठेनात. माझ्याकडे बघत बसले. मी शिट्टी काढून फुंकली. नुसती हवा गेली.

दोघं उठले.