निनावी अर्जावरचा स्टॅम्प

अकोल्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहून देत असे. जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिल्या की स्वभावही तसाच होतो. कुणी गोड बोललं, की माझं लक्ष आधी त्याच्या खिशाकडे जाई.

माझा थोरला भाऊ शाळामास्तर. तो आमदार झाला, शाळेचा राजीनामा देऊन मुंबईला जाऊ-येऊ लागला. आमदाराला पगार, बैठकीचा भत्ता, वर पहिल्या वर्गाचं गाडीभाडं! झाडाखाली रोज हाच विषय. "घबाड हाय बापू, घबाड," एक म्हातारा म्हणायचा. मी वरवर भावाची बाजू घ्यायचो, पण आतून म्हाताऱ्याचंच पटायचं.

एके सकाळी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलो, तर मुंबईच्या गाडीतून भाऊ उतरला. तिसऱ्या वर्गातून! मागोमाग गावचा एक माणूस, डोळ्यावर दवाखान्याची पट्टी. माझं लक्ष डब्यावरच. भाडं पहिल्याचं, बसणं तिसऱ्यात, मग मधला पैसा जातो कुठे?

"भाऊ, तुमी या डब्यात काहून?"

"पयल्या वर्गात कोनी बोलत नाई रे. तंबाखू कोनाले मांगू?"

मी हसलो, पण मनातली पाल चुकचुकतच राहिली. घरी वहिनीचं लुगडं विरलेलं, छपराची कवेलू फुटलेली. तेही मला खटकलं. पैसा दिसत नाही, त्या अर्थी तो नक्कीच दडवलेला असणार.

निवडणूक जवळ आली तेव्हा मी डाव्या हातानं, अक्षर बदलून, भाऊ गाडीभाड्याचा पैसा खातो, असा निनावी अर्ज त्याच्या पक्षाच्या कचेरीत धाडला. भावाला पुन्हा उमेदवारी मिळाली नाही. बरंच झालं, असं मी स्वतःला बजावलं.

महिन्याभरानं तो माझ्या झाडाखाली आला आणि गिऱ्हाइकासारखा समोर बसला. पक्षाच्या कचेरीतून हाती आलेला माझाच अर्ज खिशातून काढून चटईवर ठेवला. वरच्या कोपऱ्यात सरकारी अर्जाला लागतो तो कोर्ट फीचा स्टॅम्प होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी तो चिकटवून गेलो होतो.

"निनावी अर्जाले स्टॅम्प लावनारा साऱ्या वऱ्हाडात तूच एक," तो म्हणाला.

मी घाईनं अर्ज उलटा करून ठेवला.

"आता दुसरा लिही. शाळेत जुनी जागा मांगून राह्यलो. घरात दाना नाई."

लिहिताना मला डोळ्यावर पट्टी बांधलेला तो माणूस आठवला. मुंबईत त्याला कुणी नेलं, कुणी जेवू घातलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

उठताना भावानं आठ आणे ठेवले.

"राहू द्या ना, भाऊ."

"घे. नाई तं उद्या मनशील, लिखाई फुकट उकळली."

तो गेला आणि मला रडू आलं. पण खोटं कशाला सांगू, त्या आठ आण्यांकडे पाहताना, हे यानं कुठून आणले असतील, असंही मनात येऊन गेलं.