शेवटची मोटार

आमच्या पोस्टातला कारकून तिकिटं देताना प्रत्येकाला म्हणायचा, "या ना कधी घराकडे." एकटाच राहायचा. कुणी जायचं नाही. मीही कधी गेलो नाही.

एकोणीसशे साठच्या सुमारास लांब पल्ल्याची मोटारशर्यत आमच्या बोरी अरब गावावरून गेली. वळणावर गुरं अडवायला या कारकुनानं आपणहून लाल झेंडी घेतली. शेवटची मोटार जाईपर्यंत जागा सोडायची नव्हती. ती मोटार सकाळीच यवतमाळला बंद पडली. त्याला कळवायचं काम शर्यतवाल्यांनी माझ्यावर टाकलं होतं, आणि मी साफ विसरलो.

दिवेलागणीला धावत गेलो. तो तिथंच उभा होता, भुवयांवर धूळ, हातात झेंडी ताठ. मी चाचरत सगळं सांगितलं.

त्यानं झेंडी नीट गुंडाळली. "मोटार नाही आली त नाही आली," तो म्हणाला, "तुमी त आले."